इंग्लंडच्या कंट्री हाउस हॉटेलातला मुक्काम आणि टेस्टिंग डिनर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नाचा वाढदिवस, आई-बाबांची साठी, किंवा भारतातून आलेल्या पाहुण्यांना लंडनबाहेरचं इंग्लंड दाखवायचंय, अशा निमित्तांनी मराठी घरांतून येणारे हे प्रश्न आहेत. टेस्टिंग डिनर म्हणजे शेफने ठरवलेल्या बऱ्याच छोट्या कोर्सचं जेवण. आधी साधे प्रश्न घेतले आहेत, अडचणीचे पुढे आहेत. एकाच मुद्द्याची पुनरुक्ती टाळण्यासाठी जागोजागी प्रश्नांचे क्रमांक दिले आहेत.

१. कंट्री हाउस हॉटेल म्हणजे नक्की काय? रिसॉर्टपेक्षा वेगळं काय असतं?

एखाद्या जमीनदार घराण्याचा जुना वाडा, भोवती काही एकर बाग किंवा रान, पंधरा ते पन्नास खोल्या, आणि मुक्कामाइतकंच महत्त्व असलेलं स्वयंपाकघर. उलस्वॉटर तलावाकाठी १९४८ मध्ये सुरू झालेल्या शॅरो बेला या प्रकारातलं पहिलं हॉटेल मानतात. ससेक्समधला ग्रेव्हटाय मॅनर हा १५९८ चा वाडा. बागकामावर लिहिणारे विल्यम रॉबिन्सन तिथे राहत, आणि १९५८ पासून ते हॉटेल आहे. बकिंगहॅमशरमधल्या हार्टवेल हाउसमध्ये फ्रान्सचे अठरावे लुई परागंदा असताना राहिले होते. रिसॉर्टमध्ये असतो तसा बुफे, डीजे किंवा खेळांचा कार्यक्रम इथे नसतो. दुपारी बागेत फिरायचं, शेकोटीजवळ बसायचं, रात्री तीन तास जेवायचं, एवढाच कार्यक्रम.

‘रेस्टॉरंट विथ रूम्स’ हा याचाच चुलत प्रकार. तिथे जेवण मुख्य आणि खोल्या सोयीपुरत्या. कार्टमेल गावातल्या लॉंक्लूम या रेस्टॉरंटच्या खोल्या तर गावातल्या वेगवेगळ्या घरांत आहेत. बाग आणि दिवाणखान्यांची हौस असेल तर पहिला प्रकार निवडा. फक्त जेवणासाठी जायचं असेल तर दुसरा पुरेसा आहे.

२. मिशेलिन स्टार, मिशेलिन की, एए रोझेट : कशाकडे बघून निवडायचं?

मिशेलिन या फ्रेंच मार्गदर्शिकेचा स्टार फक्त ताटातल्या अन्नासाठी असतो. खोली, गादी, बाग यांचा त्याच्याशी संबंध नाही. एक स्टार म्हणजे वाटेत असेल तर जरूर थांबा, दोन म्हणजे वाट वाकडी करून जा, तीन म्हणजे त्यासाठीच प्रवास करा. हॉटेलांसाठी मिशेलिनने २०२४ पासून ‘की’ द्यायला सुरुवात केली. एए ही ब्रिटिश संस्था जेवणासाठी एक ते पाच रोझेट देते.

स्टारची फेरतपासणी दर वर्षी होते आणि मुख्य शेफ बदलला की चवही बदलते. म्हणून दोन वर्षांपूर्वीच्या कौतुकापेक्षा चालू यादी बघा. पहिल्यांदाच जाणाऱ्यांना एक स्टार किंवा तीन रोझेट पुरेसे आहेत. तीन स्टारच्या जेवणातले बारकावे आधी दोन-तीन अशी जेवणं झाली असतील तरच नीट उमगतात.

३. खोली बुक केली म्हणजे जेवणाचं टेबल आपोआप मिळतं ना?

नाही. सर्वांत जास्त लोकांचा विरस इथेच होतो. खोली आणि टेबल ही दोन वेगळी बुकिंग असतात. खोली ऑनलाइन मिळते, पण डायनिंग रूम बाहेरच्या ग्राहकांनी शनिवारपुरती आधीच भरलेली असते. मग ऐन वाढदिवसाला बारमधलं सँडविच खाण्याची पाळी येते.

आधी फोन करून टेबलाची तारीख आणि वेळ विचारा, मग त्याच फोनवर खोली घ्या. दोन्हींची नोंद एकाच ईमेलमध्ये मागून घ्या. आणखी दोन गोष्टी विचारा : त्या दिवशी मुख्य डायनिंग रूम उघडी आहे का (बऱ्याच ठिकाणी रविवार रात्र, सोमवार, मंगळवार स्वयंपाकघर बंद असतं), आणि त्या शनिवारी हॉटेलात लग्न आहे का. लग्न असेल तर बाग, दिवाणखाना आणि रात्रीची शांतता यांतलं फारसं काही तुमच्या वाट्याला येत नाही.

४. ‘डिनर, बेड अँड ब्रेकफास्ट’ दर घेतला. मग वर आणखी पैसे का लागले?

या दराचे दोन प्रकार आहेत. एकात ठरलेला मेन्यू पूर्ण समाविष्ट असतो. दुसऱ्यात माणशी ठरावीक रक्कम, समजा ७५ पौंड, जेवणाच्या बिलातून वजा होते. मेन्यू १५० पौंडांचा असेल तर उरलेले ७५ तुम्ही द्यायचे. बुकिंगच्या पानावर ‘अलाउन्स’ हा शब्द दिसला तर तो दुसरा प्रकार समजा. पेयं आणि सर्व्हिस चार्ज सहसा दोन्हींत धरलेले नसतात. चीजचा कोर्सही बहुधा वेगळ्या पैशांचा असतो.

५. दोघांसाठी जेवणाचं बिल साधारण किती होईल?

उदाहरणादाखल हिशेब मांडतो. माणशी १५० पौंडांचा टेस्टिंग मेन्यू : ३००. एकाची वाइन पेअरिंग (कोर्सला जुळतील असे वाइनचे पेले) ९५. दुसऱ्याची बिनदारूची पेअरिंग ५५. बाटलीचं पाणी दोनदा, १२. बेरीज ४६२. त्यावर १२.५ टक्के सर्व्हिस चार्ज ५७.७५. एकूण ५१९.७५ पौंड. खोली वेगळी. म्हणजे मेन्यूवरचा आकडा बघून ‘तीनशेत होईल’ असं धरलं तर सुमारे दोनशे वीस पौंड कमी पडतात.

यात काटकसरीला जागा आहे. इंग्लंडमध्ये दारूचा परवाना असलेल्या ठिकाणी मागितल्यावर नळाचं पाणी फुकट द्यावंच लागतं. निःसंकोच ‘टॅप वॉटर’ मागा, यात कमीपणा नाही. दोन पेअरिंगऐवजी एक घेऊन वाटून घेतलीत तरी सहसा कुणाची हरकत नसते, आधी विचारा मात्र. आणि त्याच स्वयंपाकघरातलं दुपारचं जेवण बहुतेक ठिकाणी बरंच स्वस्त असतं.

६. सर्व्हिस चार्ज द्यावाच लागतो का? वर टिप ठेवायची का? व्हॅट वेगळा लागतो का?

बिलावर ‘डिस्क्रेशनरी’ लिहिलेलं असेल तर तो ऐच्छिक आहे आणि काढायला सांगता येतो. सेवा चांगली झाली असेल तर तो द्यावा. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार टिप आणि सर्व्हिस चार्ज मालकाला स्वतःकडे ठेवता येत नाही, तो कर्मचाऱ्यांना द्यावा लागतो. चार्ज दिल्यावर वर टिप ठेवायची गरज नाही. सामान खोलीपर्यंत नेणाऱ्याला किंवा खास मदत करणाऱ्याला पाच-दहा पौंड दिले तर छान, पण कुणी अपेक्षेने उभं राहत नाही.

व्हॅट दाखवलेल्या दरातच असतो. भारतात जीएसटी शेवटी जोडला जातो तसा इथे जोडत नाहीत. पर्यटकांना हॉटेलच्या बिलावरचा व्हॅट परत मिळत नाही.

७. कुठल्या महिन्यात आणि कुठल्या वारी जावं?

शाकाहारी असाल तर जून ते सप्टेंबर, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. हॉटेलची स्वतःची परसबाग तेव्हा भरात असते : कोवळा वाटाणा, ब्रॉड बीन्स, कूर्जेटची फुलं, टोमॅटो, बेरी. इंग्लिश अस्पॅरॅगसचा मोसम परंपरेने २३ एप्रिल ते २१ जून असा धरतात. १२ ऑगस्टला ग्राउस या रानपक्ष्याच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो आणि शरदात मेन्यू शिकारीच्या मांसाकडे झुकतो. मांसाहारी खवय्यांना ऑक्टोबर-नोव्हेंबर आवडेल. फक्त शिकारीच्या मांसात क्वचित छऱ्याचा कण राहतो, सावकाश चावा.

उजेडाचा विचार करायला लोक विसरतात. दक्षिण इंग्लंडमध्ये जूनच्या अखेरीला सूर्य रात्री नऊच्या पुढे मावळतो आणि जेवणाआधी बाग निवांत फिरता येते. डिसेंबरमध्ये चारच्या सुमाराला सूर्य मावळतो, म्हणजे तीनला चेक-इन केलंत तर बाग दिसते जेमतेम पाऊण तास. हिवाळ्यात जायचं तर दुपारचं जेवण तिथेच ठेवा आणि बाराला पोचा.

रविवार ते गुरुवार दर कमी असतात. जानेवारी-फेब्रुवारीत सर्वांत कमी.

८. आमच्याकडे गाडी नाही. ट्रेनने जमेल का?

जमेल, पण शेवटच्या आठ-दहा मैलांची सोय आधीच करून ठेवा. ऑक्सफर्डजवळच्या ग्रेट मिल्टनला, म्हणजे शेफ रेमंड ब्लाँ यांच्या ल मॅन्वार या हॉटेलला, जायचं तर लंडन मॅरिलबोनहून हॅडनम अँड टेम पार्कवेपर्यंत ट्रेन आणि पुढे टॅक्सी. (तिथे नूतनीकरणाचं मोठं काम काढलेलं आहे, उघडं असल्याची खात्री करून मगच बेत ठरवा.) ग्रेव्हटायला जायचं तर व्हिक्टोरियाहून ईस्ट ग्रिनस्टेड.

गावाकडच्या स्टेशनाबाहेर टॅक्सी उभी असेलच असं नाही, आणि ॲपवर गाडी मिळेल या भरवशावर राहू नका. हॉटेलला ट्रेनची वेळ कळवून त्यांच्या ओळखीची टॅक्सी सांगा, परतीचीही तेव्हाच. गाडीने जाणाऱ्यांनी नकाशा फोनमध्ये उतरवून घ्यावा. अरुंद एकेरी गल्ल्यांत नेमकी रेंज जाते.

९. पोचल्यापासून निघेपर्यंत वेळापत्रक कसं असतं?

चेक-इन बहुधा तीनला. खोली तयार नसली तरी सामान ठेवून बागेत फिरता येतं. साडेसहा-सातला दिवाणखान्यात यायचं. तिथे पेय आणि त्यासोबत कॅनपे, म्हणजे एका घासाचे दोन-तीन पदार्थ मिळतात. मेन्यू तिथेच हातात देतात, ऑर्डरही तिथेच घेतात, आणि पहिला कोर्स तयार झाला की टेबलाशी नेतात. ‘साडेसातचं टेबल’ म्हटलं तर सात ते सव्वासातला खाली या. साडेसातला आलात तर पहिला घास सव्वाआठला. जेवताना कुणीतरी खोलीत जाऊन पडदे ओढून, दिवे मंद करून पलंग नीट करून ठेवतं. कॉफी आणि शेवटचे गोड घास परत दिवाणखान्यात घेता येतात. ब्रेकफास्ट साडेसात ते दहा, चेक-आउट अकराला.

१०. त्याच दिवशी आफ्टरनून टीसुद्धा घ्यावा का?

नको. चार वाजता सँडविच, दोन स्कोन, क्लॉटेड क्रीम आणि चार-पाच केक खाल्ल्यावर साडेसातला नऊ कोर्स जात नाहीत, आणि एवढ्या पैशांचं जेवण पाचव्या ताटलीपासून ओझं वाटतं. फार तर चहा आणि एक बिस्कीट घ्या. पूर्ण टी हवाच असेल तर दुसऱ्या दिवशी, किंवा दोन रात्री राहत असाल तर.

चहा सुट्या पानांचा येतो, दूध वेगळं. आपला उकळलेला चहा मेन्यूवर नसतो. आसाम चहा दाट आणि दूध गरम मागितलं तर बरीच जवळची चव येते.

११. आम्ही शाकाहारी आहोत. ‘व्हेजिटेरियन’ सांगितलं की पुरे ना?

पुरत नाही. इंग्लंडमध्ये व्हेजिटेरियन म्हणजे मांस-मासे नाहीत, पण अंडं चालतं. दुसरं, मांस डोळ्यांना न दिसताही पदार्थात असू शकतं. कुठे असतं ते माहीत असलं की नेमकं सांगता येतं :

- स्टॉक : रिसोटो, सूप आणि भाजलेल्या भाज्यांवरचा सॉस चिकनच्या किंवा हाडांच्या स्टॉकवर केलेला असू शकतो.
- जिलेटिन : मूस, पॅना कोटा, जेली, मार्शमॅलो. शेवटच्या छोट्या गोड घासांत हे हमखास नजरेआड होतं.
- चीज : पार्मेझानमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट (दूध गोठवणारा घटक) वापरणं नियमानेच बंधनकारक आहे. ग्रुयेरही पारंपरिक पद्धतीत तसंच. ‘व्हेजिटेबल रेनेट’ असा शब्द वापरून विचारा.
- मासे : वूस्टर सॉस, सीझर ड्रेसिंग आणि जपानी धाटणीचा दाशी रस्सा यांत ॲंकोव्ही किंवा बोनिटो मासा असतो.
- चरबी : बटाट्याचे चिप्स बीफ ड्रिपिंगमध्ये (बीफच्या चरबीत) तळलेले, पेस्ट्रीत लार्ड (डुकराची चरबी), पुडिंगमध्ये सूएट (गाय-मेंढीची चरबी).

आता सर्वांत महत्त्वाचं. ॲलर्जीच्या तक्त्यावर विसंबू नका. ब्रिटिश कायद्यानुसार १४ ॲलर्जनांची, म्हणजे ॲलर्जी आणणाऱ्या घटकांची, माहिती द्यावी लागते. त्यांत अंडं, दूध, मासे, शेंगदाणे, तीळ, मोहरी, सेलरी वगैरे आहेत, पण चिकन, बीफ, जिलेटिन, कांदा आणि लसूण नाहीत. म्हणजे तक्त्यात सगळं ‘नाही’ असलेला पदार्थसुद्धा चिकनच्या स्टॉकमध्ये शिजलेला असू शकतो.

म्हणून बुकिंगच्या वेळीच ईमेल लिहा आणि चार दिवस आधी पुन्हा आठवण करा. टेबलावर बसल्यावर सांगून फार थोडं बदलता येतं, कारण स्टॉक, सॉस, मूस हे सगळं आदल्या दिवशीपासून तयार असतं. ईमेलमध्ये ‘वी आर व्हेजिटेरियन’ एवढंच न लिहिता काय चालत नाही त्याची यादी द्या, आणि काय चालतं तेही लिहा : दूध, लोणी, साय, मध, मशरूम, दारू घातलेला सॉस. चालणाऱ्या गोष्टी कळल्या की शेफला मोकळेपणाने विचार करता येतो. वेळ मिळाला तर ही स्वयंपाकघरं भाज्यांचं फार देखणं जेवण करतात. वेळ नाही मिळाला तर मुख्य ताटातून मांस वगळून उरलेल्या भाज्या पुढ्यात येतात.

१२. अंडंही चालत नाही. मग गोड काय मिळणार?

अंडं ॲलर्जन यादीत असल्यामुळे त्याचा माग स्वयंपाकघराला नीट ठेवावा लागतो. या बाबतीत तुमची गैरसोय त्यामानाने कमी होते. कस्टर्ड, आइस्क्रीम, सूफले, मेरिंग, माकारॉन आणि ब्रियोश बाद. सॉरबे (अंड्याचा पांढरा घातलाय का ते विचारून), फळांचे पेक्टिनवर केलेले घट्ट तुकडे, साधा सावरडो ब्रेड आणि अगार (समुद्री शेवाळापासूनचा घट्ट करणारा घटक) वापरून केलेली पॅना कोटा चालेल. पेस्ट्रीला वरून चमक यावी म्हणून अंडं लावतात, तेवढं वेगळं लिहा. कांदा-लसूण प्र. १३ मध्ये.

१३. आई जैन आहे, कांदा-लसूण-कंद नाही. किंवा नेमकी चतुर्थी आली तर?

‘जैन’ हा शब्द लंडनच्या भारतीय हॉटेलांत कळतो, गावाकडच्या शेफला कळेलच असं नाही. यादी द्या : कांदा, लसूण, शॅलट, लीक, चाइव्ह, रानलसूण, बटाटा, गाजर, बीट, मुळा, सेलेरिॲक, पार्सनिप. शॅलट आणि लीक हे कांद्याच्याच कुळातले, पण वेगळे लिहायलाच हवेत, कारण फ्रेंच धाटणीच्या जवळजवळ प्रत्येक सॉसची सुरुवात शॅलटने होते. अशा जेवणासाठी निदान आठवडाभर आधी कळवा आणि त्यांनी स्पष्ट ‘हो’ म्हटल्याशिवाय पैसे भरू नका.

उपवासाचं जेवण त्यांच्याकडून मागू नये असं आमचं मत आहे. साबुदाणा, वरी, राजगिरा तिथे नसतो आणि मीठ-तिखटाचे नियम ईमेलवर समजावणं अवघड. बुकिंग दोन-तीन महिने आधी होतं, तेव्हाच पंचांग उघडून संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र बघून घ्या. घरात श्रावण पाळणारे मांसाहारी असतील तर ऑगस्टमध्ये संपूर्ण टेबलासाठी शाकाहारी मेन्यू सांगा.

१४. आम्ही मांसाहारी आहोत, पण बीफ नको.

‘नो बीफ’ बरोबर ‘नो व्हील, नो बोन मॅरो, नो बीफ स्टॉक, नो ड्रिपिंग’ असं लिहा. व्हील म्हणजे वासराचं मांस, आणि गडद सॉस बहुधा त्याच्याच हाडांचा असतो. कोंबडी किंवा कोकरू मागितलं तरी वरचा सॉस हाच असू शकतो, म्हणून सॉसचं वेगळं सांगावं लागतं.

१५. काही ठिकाणी ‘आहारातले बदल करत नाही’ असं लिहिलेलं असतं. तरी विनंती करून बघावी का?

नको. तिथला मेन्यू मांस-माशांभोवती बांधलेला असतो आणि त्यांनी ते प्रामाणिकपणे आधीच सांगितलेलं असतं. उलट संपूर्ण शाकाहारी टेस्टिंग मेन्यू वेबसाइटवर छापणारी ठिकाणं निवडा. छापील मेन्यू असला की ते पदार्थ रोज होतात, रोज चाखले जातात. तुमच्यासाठी एका रात्रीपुरती केलेली तडजोड तेवढी जमून येत नाही.

१६. नऊ कोर्स म्हणजे पोट फुटेल, की उपाशीच उठू?

ताटल्या छोट्या असतात, पण मधला ब्रेड आणि लोणी धरून माणूस पोटभर जेवतो. ब्रेड चविष्ट असतो आणि मागितला की आणखी येतो. पहिल्या अर्ध्या तासात तो संपवू नका. तीन ते साडेतीन तास धरा. लवकर झोपायची सवय असलेले ज्येष्ठ सोबत असतील तर टेबल साडेसहा-सातचं घ्या किंवा तीन कोर्सचा मेन्यू आहे का विचारा. एक अडचण लक्षात ठेवा : टेस्टिंग मेन्यू बहुतेक ठिकाणी संपूर्ण टेबलानेच घ्यावा लागतो. एकाने तीन आणि दुसऱ्याने नऊ कोर्स असं चालत नाही, कारण वाढण्याच्या वेळा जुळत नाहीत.

जेवणाचा वेग मंदावला किंवा घाई होतेय असं वाटलं तर वाढणाऱ्यांना सरळ सांगा. वेग त्यांच्या हातात असतो.

१७. काटे-चमचे चुकले तर? कपडे काय घालायचे?

बाहेरच्या बाजूने आत येत जायचं, एवढा एक नियम. चुकलात तर पुढच्या कोर्सआधी नवा काटा गुपचूप ठेवला जातो. खाऊन झालं की काटा-सुरी शेजारी-शेजारी ठेवा. वेगवेगळी ठेवली तर तुम्ही अजून खाताय असं समजून ताटली उचलत नाहीत. ब्रेड आणि कॅनपे हातानेच खायचे.

कपडे ‘स्मार्ट कॅज्युअल’. कोट-टायची सक्ती बहुतेकांनी सोडली आहे. अर्धी चड्डी, खेळाचे बूट आणि चपला नकोत. साडी, सलवार-कमीज, बंदगळा हे सगळं उत्तम शोभतं. पैठणी नेसणार असाल तर दोन गोष्टी : वाड्यासमोरचा रस्ता खडीचा असतो, टोकदार टाच रुतते, आणि जुने दिवाणखाने जूनमध्येही गार असतात, शाल घ्या. बागेसाठी गमबूट बऱ्याच ठिकाणी हॉटेलच देतं.

१८. वाइनमधलं काही कळत नाही. काय मागावं?

सॉमेलियेला, म्हणजे वाइन सुचवणाऱ्या जाणकाराला, दोन गोष्टी सांगा : किती खर्च करायचा आहे (यादीतल्या आकड्यावर बोट ठेवलं तरी चालतं) आणि गोडसर आवडतं की कोरडं. पूर्ण पेअरिंगऐवजी एकदा दक्षिण इंग्लंडची स्पार्कलिंग वाइन घेऊन बघा. ससेक्स आणि केंटमधली चुनखडीची जमीन शॅंपेन प्रांतासारखी आहे आणि द्राक्षंही तीच : शार्दोने, पिनो न्वार, पिनो म्यूनिए. कडक शाकाहारी असाल तर वाइन गाळताना अंड्याचा पांढरा किंवा माशाचा आयझिंग्लास वापरतात हे माहीत असू द्या आणि ‘व्हीगन वाइन’ मागा.

न पिणाऱ्यांसाठी बिनदारूची पेअरिंग आता बहुतेक चांगल्या ठिकाणी असते. रसांपेक्षा आंबवलेली पेयं आणि थंड चहा जेवणाबरोबर जास्त जुळतात.

१९. रात्री पेअरिंग घेतली तर सकाळी गाडी चालवता येईल का?

हिशेब करा. सात पेले, प्रत्येकी ७५ मिली, म्हणजे ५२५ मिली. १३ टक्क्यांनी सुमारे ६.८ युनिट (एक युनिट म्हणजे १० मिली शुद्ध अल्कोहोल). सुरुवातीचा १२५ मिली शॅंपेनचा पेला दीड युनिट. एकूण आठाच्या वर. शरीर ढोबळमानाने तासाला एक युनिट पचवतं, त्यामुळे अकराला शेवटचा घोट घेतला तर सकाळी सात-आठपर्यंत दारू अंगात असू शकते. वजन, वय आणि झोप यांनुसार जास्तही. ब्लॅक कॉफी किंवा थंड पाण्याने हा वेळ कमी होत नाही. सहाला उठून विमानतळ गाठायचा असेल तर पिऊ नका किंवा टॅक्सी सांगा. स्कॉटलंडमध्ये मर्यादा इंग्लंडपेक्षा कडक आहे : १०० मिली रक्तात ८० ऐवजी ५० मिलिग्रॅम.

२०. लहान मुलं नेता येतात का?

हॉटेलागणिक वेगळं. काही ठिकाणी रात्रीच्या डायनिंग रूममध्ये आठ, दहा किंवा बारा वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत. त्यांना साडेपाचच्या सुमाराला वेगळं जेवण देतात. खोलीत मूल झोपलं की बेबीसिटर लागते, आणि ती काही दिवस आधी सांगावी लागते. पाचच्या आतलं मूल तीन तास एका जागी बसणं अवघडच, अशा वेळी दुपारचं जेवण घ्या.

२१. आई-बाबांना जिने चढवत नाहीत, आणि बाथरूमचं काय?

जुने वाडे वारसा यादीत असतात, त्यामुळे लिफ्ट बसवायला सहज परवानगी मिळत नाही. ‘ग्राउंड फ्लोअर, वॉक-इन शॉवर’ हे दोन शब्द बुकिंगमध्ये लिहून घ्या. नाही तर उंच काठाचा बाथटब मिळतो आणि गुडघे दुखणाऱ्यांना त्यात पाय टाकणं जड जातं. बादली-मग आणि जेट नसतो, एक छोटा मग सोबत न्या. बऱ्याच हॉटेलांत कुत्र्यांना परवानगी असते. भीती वाटत असेल तर तेही आधी सांगा. मुख्य वाड्याबाहेरच्या तबेल्यातल्या जुन्या खोल्या बहुधा तळमजल्यावर असतात, पण जेवायला उघड्यावरून चालत यावं लागतं. अंतर विचारून ठेवा.

२२. ब्रेकफास्टमध्ये जपून काय खावं?

ब्लॅक पुडिंग रक्ताचं असतं, किपर म्हणजे धुरावलेला हेरिंग मासा. शाकाहाऱ्यांनी हॅश ब्राउन आणि मशरूम वेगळ्या तव्यावर करायला सांगावेत. पॉरिज दुधाचा मागा, पाण्याचाही करतात.

२३. रद्द करावं लागलं तर?

खोलीची मुदत आणि टेबलाची मुदत वेगळी असते. खोलीला ४८ तासांपासून दोन-चार आठवड्यांपर्यंत, टेबलाला बहुधा दोन-तीन दिवस. उशिरा रद्द केलं तर माणशी ठरलेली रक्कम कार्डावरून जाते. चारांच्या टेबलावर तिघे आले तरी चौथ्याची रक्कम कापली जाऊ शकते, म्हणून बेत बदलताच कळवा. रद्द करण्यापेक्षा तारीख पुढे ढकलण्याची विनंती जास्त वेळा मान्य होते.

ब्रिटिश क्रेडिट कार्डाने १०० पौंडांहून जास्त किमतीचं बुकिंग केलं असेल तर हॉटेल बुडालं किंवा ठरलेली सेवा दिली नाही तर कन्झ्युमर क्रेडिट ॲक्ट या कायद्याच्या कलम ७५ खाली बँकेकडे दाद मागता येते. तुम्ही स्वतः रद्द केलंत तर हे कलम उपयोगी नाही.

२४. कळवूनही ताटात मांस आलं तर काय करावं?

शंका आली की खाणं थांबवा आणि ताटली तशीच राहू द्या. वाढणाऱ्याला ‘स्वयंपाकघरात विचारून सांगा’ म्हणा. त्याच्या आठवणीतलं उत्तर धरू नका. चूक निघाली तर मॅनेजरला बोलवा, ईमेल दाखवा, आणि काय हवं ते स्वतः सांगा : नवा पदार्थ, त्या कोर्सचे पैसे कमी, की जेवण इथेच थांबवून बिलात वजावट. हे त्याच वेळी झालं तर बहुधा मार्ग निघतो. घरी जाऊन आठवड्याने लिहिलेल्या तक्रारीला पुरावा उरत नाही. ॲलर्जीची बाब असेल तर आधी औषध, मग मॅनेजर. गावाकडे रुग्णवाहिकेला वेळ लागतो, म्हणून ॲड्रेनलिनचं इंजेक्शन लागणाऱ्यांनी ते खोलीत न ठेवता टेबलावर सोबत ठेवावं.